सुईचे भय आणि साठीनंतरची लस

मृगाचे दिवस जवळ आले की गोमंतकातील घराघरांतून पावसाळ्याच्या बेगमीची लगबग सुरू होते. कौले शाकारली जातात, वाशांना वाळवी लागली आहे काय ते पाहिले जाते, मिरच्या, सोले, सुके मासे, उकडे तांदूळ असे पुरुमेंत भरून ठेवले जाते. पुढील चार महिन्यांत काय काय बिघडू शकेल याचा इतका बारकाईने विचार करणारी घरातील वडीलधारी माणसे स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र कमालीची उदासीन असतात. नातवंडाच्या लसीची तारीख आजोबांना तोंडपाठ असते. कार्ड पिशवीत घालून तेच त्याला आरोग्य केंद्रात नेतात आणि रडणाऱ्या बाळाची समजूत तेच काढतात. पण तेथील डॉक्टरांनी, "आजोबा, तुम्ही धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली?" असे विचारताच, "आता या वयात आम्हांला काय व्हावयाचे राहिले आहे!" असे हसून म्हणत ते पायरी उतरू लागतात. या हसण्यामागे वैराग्य असते असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा तेथे सुईचे भय असते, आणि ते बोलून दाखविण्याची लाज त्याहूनही मोठी असते.

अग्रलेखासाठी हा विषय क्षुल्लक आहे असे काही वाचकांस वाटेल. परंतु वृद्धांच्या आजारपणाने आज किती घरे हवालदिल होतात याची ज्यांना कल्पना आहे, ते असे म्हणणार नाहीत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही गावी जावे. मुले मुंबईला, आखातात किंवा विलायतेत आणि मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे, हे दृश्य नेहमीचे झाले आहे. त्यांतील एकाला न्यूमोनिया झाला तर दुसऱ्याने इस्पितळात धावपळ कशी करावी? जो आजार टाळता येण्याजोगा आहे, तो केवळ एका न सांगितलेल्या भीतीपायी ओढवून घेतला जात असेल, तर त्या भीतीचा विचार गंभीरपणेच व्हावयास हवा.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की या पिढीचे भय निराधार नाही. आज सत्तरीच्या घरात असलेल्या कित्येकांच्या दंडावर देवीचे व्रण अजून दिसतात. 'देवी काढणे' हा शब्दप्रयोगदेखील त्या पिढीबरोबर मागे पडत चालला आहे. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपो म्हणून जागा आहे. तेथे फिरावयास येणाऱ्या तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, एके काळी त्या ठिकाणी देवीची लस तयार होत असे. ती लस टोचण्यासाठी १९७० च्या सुमारापर्यंत आपल्या देशात दातेरी चकतीचे एक हत्यार वापरीत. ती चकती दंडावर दाबून फिरवावयाची, म्हणजे कातडी खरवडली जाऊन लस आत शिरत असे. मग तो भाग पिके, ताप येई, आणि खपली पडेपर्यंत मूल दंड धरून बसे. देवी काढणारा शाळेत आला की पोरे मागील दाराने पसार होत, यात नवल ते काय? त्या यातनांचे चीज झाले, हे खरे. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. पण मनात राहिली ती चकतीची आठवण.

त्यात काचेच्या पिचकाऱ्यांची भर पडली. एकच सुई उकळून उकळून पुन्हा पुन्हा वापरावयाची, आणि तिचे टोक बोथट झाले तरी काम भागवावयाचे, असा तो काळ होता. कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शने, ही धमकी आपल्याकडील प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. ती धमकी पोकळ नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती जुनी लस खरोखरच पोटात, दिवसामागून दिवस टोचावी लागे, आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होते. आज तीच प्रतिबंधक लस नव्या पद्धतीने तयार होते आणि दंडात चारपाच वेळा टोचून काम भागते. परंतु बालपणी पोटात शिरलेली धास्ती नव्या शोधाची वार्ता ऐकून आपोआप निघून जात नाही.

दुसरी गोष्ट, सुईला भिणे म्हणजे भित्रेपणा, ही समजूत मुळातच चुकीची आहे. इतर कोणत्याही भीतीत छातीचे ठोके वाढतात आणि तसेच वाढलेले राहतात. सुई व रक्त यांच्या भीतीचा प्रकार काही जणांच्या बाबतीत निराळा असतो. प्रथम ठोके वाढतात, नंतर एकाएकी नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते आणि माणूस घाम फुटून खाली कोसळतो. हा मज्जासंस्थेचा व्यापार आहे. त्यावर मनोनिग्रहाचे फारसे चालत नाही. खवळलेल्या समुद्रात होडी घालणारा रापणकार किंवा सीमेवर गोळ्यांना सामोरा गेलेला जवान पिचकारी पाहून पांढराफटक पडू शकतो. त्याच्या धैर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही. घरातील माणसांनी आणि परिचारिकांनी हे ध्यानी घेतले, तर "एवढे मोठे झालात आणि घाबरता काय?" हा प्रश्न आपल्या केंद्रांतून कायमचा हद्दपार होईल.

भय समजून घेतले पाहिजे हे खरे. परंतु भयापुढे मान तुकवावी असा त्याचा अर्थ नव्हे. कारण आपण सुईला भितो म्हणून रोग आपल्याला वगळून पुढे जात नाहीत. धनुर्वाताचेच पाहा. त्याचे जंतू मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षे पडून असतात. कुळागरात अनवाणी वावरणाऱ्या म्हाताऱ्याच्या टाचेत काटा रुतला किंवा नारळ सोलताना कोयता हाताला लागला, एवढे निमित्त त्यांना पुरते. हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. म्हणूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लस घेतली तरी तिचा लाभ आपल्याला मिळत नाही; येथे ज्याचे त्यालाच टोचून घ्यावे लागते. बालपणीच्या लसीचे बळ काळाबरोबर ओसरते, यासाठी प्रौढांनी धनुर्वात व घटसर्प यांची एकत्रित लस दर दहा वर्षांनी घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. स्त्रियांना गरोदरपणी तरी ही टोचणी मिळालेली असते. पुरुषांपैकी अनेकांना जखम झाल्याखेरीज तिची आठवण होत नाही.

इन्फ्ल्युएंझा हा तर साधा पडसेखोकला समजून दुर्लक्षिला जाणारा आजार. त्याचे विषाणू सतत रूप पालटतात, म्हणून लसही दर वर्षी नवी घ्यावी लागते. आपल्या किनाऱ्यावर त्याचा जोर पावसाळ्यात वाढतो, तेव्हा ती पावसाळ्यापूर्वी घेणे इष्ट. हा ताप फुप्फुसांपुरता मर्यादित राहत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, इन्फ्ल्युएंझाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट होते. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार जडलेल्या वृद्धांनी यावरून काय तो बोध घ्यावा. न्यूमोकोकस या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियावरही लस आहे. लस घेतलेल्याला यांतील कोणताच आजार कधी होणार नाही, असे वचन कोणी देऊ शकत नाही. आजार बळावण्याचा आणि जिवावर बेतण्याचा धोका मात्र तिने कमी होतो.

नागिणीविषयी आपल्याकडे वेगळाच धाक आहे. तिचा विळखा कमरेभोवती पुरा झाला, तोंड आणि शेपूट एकत्र आली, की माणूस दगावतो, असे जुनी माणसे सांगतात. वस्तुतः ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते आणि विळखा पुरा करीतच नाही. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळांशी दडून बसलेले असतात. उतारवयात प्रतिकारशक्ती खालावली की ते पुन्हा डोके वर काढतात. पुरळ दोनचार आठवड्यांत जाते; पण काहींच्या नशिबी त्यानंतर महिनोन् महिने टिकणारी जळजळ येते, अंगावर सदरा टेकला तरी सहन होत नाही. आयुष्यात कधी ना कधी तीनपैकी एका माणसाला नागीण होते, असा अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. पन्नाशीपुढील लोकांसाठी तिच्यावरील नवी लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात, आणि एकदोन दिवस दंड दुखणे, अंग मोडून येणे हा त्रास बऱ्याच जणांना होतो, हेही सांगून ठेवले पाहिजे. सुईची क्षणभराची वेदना आणि नागिणीची कित्येक महिन्यांची आग यांचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

मग भय वाटणाऱ्याने करावे काय? सर्वांत आधी, ते सांगून टाकावे. "मला सुईची भीती वाटते, मागे एकदा चक्कर आली होती", ही दोन वाक्ये आधीच उच्चारली की निम्मे ओझे उतरते, आणि परिचारिकाही सावध होते. चक्कर येण्याचा अनुभव असेल तर आडवे पडूनच टोचून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. १९८० च्या दशकात स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञांनी अशा लोकांसाठी एक सोपी युक्ती अभ्यासली आहे. हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहापंधरा सेकंद घट्ट आवळून धरावयाचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सैल सोडावयाचे, वीसतीस सेकंद थांबून पुन्हा आवळावयाचे, असे पाच वेळा करावयाचे. त्यामुळे उतरू पाहणारा रक्तदाब सावरतो. घरी आठवडाभर सराव करून जावे. ज्या दंडात सुई टोचावयाची तो मात्र ऐनवेळी सैलच ठेवावा, आवळल्याने दुखते. इतर कोणी ही युक्ती करण्यापूर्वी, विशेषतः रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास, आपल्या डॉक्टरांना विचारावे हे बरे.

याशिवाय उपाशीपोटी जाऊ नये. सुईकडे पाहण्याची सक्ती नाही, दाराबाहेरच्या माडाकडे पाहावे. विश्वासाचे माणूस बरोबर न्यावे. कातडी बधिर करणारे मलम मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते तासभर आधी लावता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पूर्वी एखाद्या लसीने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा त्या दिवशी ताप असेल, तर ते अवश्य सांगावे. टोचल्यावर पंधरा मिनिटे, आणि पूर्वी चक्कर आली असेल तर अर्धा तास, तेथेच बसावे. आजची सुई एकदाच वापरून टाकून देण्याची असते आणि तिची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. दंडातले काम एकदोन सेकंदांत आटोपते. चकतीच्या आणि बोथट सुईच्या काळाशी या टोचणीचे नाते नावापुरतेच उरले आहे. तथापि "काही दुखणार नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल" असे खोटे आश्वासन कोणी देऊ नये. "थोडे दुखेल, क्षणात संपेल" हे खरे बोलणेच वृद्धांना अधिक धीर देते.

लशीवरील अविश्वासाचाही येथे विचार करावयास हवा, कारण भय पुष्कळदा त्याचे पांघरूण घेऊन येते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली. तरीही १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. पुढे वर्षानुवर्षांच्या वादानंतर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. बाटली जागेवर उघडताना झालेल्या हलगर्जीपणाकडे पुराव्याचा रोख होता. ही घटना लपविण्याचे कारण नाही. तिच्यातून आणि तशाच इतर अनुभवांतून शिकूनच निर्जंतुकतेचे आजचे नियम कडक झाले. त्याच वर्षांत पुण्यामध्ये प्लेगच्या नावाखाली गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळून जो संताप ओढवून घेतला, त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या जाण्यात झाला. लोकांचे आरोग्य लोकांना धाकात ठेवून राखता येत नाही, हा धडा महाराष्ट्राने फार किंमत देऊन गिरविला आहे. म्हणून वृद्धांवर सक्ती करावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांना बोलवावे, समजावून सांगावे आणि मग निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

पण बोलावतो कोण? आमची खरी तक्रार येथे आहे. राष्ट्रीय लसीकरणाचे नियमित वेळापत्रक मुख्यतः बालके, शाळकरी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी आखलेले आहे. साठी ओलांडलेल्यांना त्यात नेहमीची अशी जागा नाही. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बालकांना मोफत मिळू लागली. ही स्तुत्य गोष्ट आहे. मात्र त्याच घरातील आजोबांना त्याच जंतूपासून रक्षण हवे असेल, तर त्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांचे नाव नाही. नागिणीची लस तर मासिक पेन्शनवर जगणाऱ्यांच्या आवाक्यापलीकडची आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली इस्पितळातील खाटेचा भार उचलण्यास आमचे राज्य तयार असते. माणूस त्या खाटेपर्यंत पोचू नये यासाठी त्याच्या किती अल्प अंशाने काम भागेल, याचा हिशेब सरकारने एकदा मांडावा.

हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय गोव्याला तरी नाही. १ मार्च २०२१ पासून साठीवरील नागरिकांना कोविडची लस खुली झाली, तेव्हा सुईला भिणारे हजारो वृद्ध रांगांत उभे राहिले. कारण त्यांना बोलावणे आले होते, घरच्यांनी हात धरला होता आणि शेजारीही त्याच रांगेत होता. त्याच वर्षी गोवा हे 'रेबीज-नियंत्रित' राज्य म्हणून घोषित झाले, त्यामागे गावोगाव फिरून कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचण्याचे चिकाटीचे काम होते. जे राज्य रस्त्यावरील कुत्र्यांपर्यंत जाळे घेऊन पोचू शकते, त्याला आपल्या वृद्धांपर्यंत एक चिठ्ठी घेऊन पोचणे जड जाऊ नये.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्या आहेत. प्रत्येक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस केवळ वृद्धांच्या लसीकरणासाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी रडणाऱ्या बाळांची रांग शेजारी नसावी. टोचण्याच्या खोलीत खुर्चीबरोबर एक खाट असावी. "आपणांस सुईची भीती वाटते काय? पूर्वी कधी चक्कर आली होती काय?" हे दोन प्रश्न नोंदणीच्या कागदावर छापलेले असावेत, म्हणजे ज्याला सांगण्याचा संकोच वाटतो त्याला नुसती खूण करता येईल. बाळाप्रमाणे आजोबांनाही कोणती लस केव्हा घेतली याचे एक कार्ड मिळावे. धनुर्वात, इन्फ्ल्युएंझा आणि न्यूमोकोकस यांच्या लसी सर्व वृद्धांस, निदान दीर्घकालीन आजार असलेल्यांस, सरकारी खर्चाने मिळाव्यात. यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही की नवे महामंडळ स्थापावे लागत नाही.

आणि वडीलधाऱ्या वाचकांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या पिढीने चकतीचे घाव सोसले म्हणून पुढच्या पिढ्यांना देवी हा रोग केवळ ऐकून ठाऊक आहे. आता स्वतःसाठी थोडे सोसावयाची पाळी आहे, आणि या वेळचा घाव पुष्कळच हलका आहे. भीती वाटत असेल तर ती घेऊनच केंद्रात जावे, दारातच सांगावी, आणि आडवे पडण्यास जागा मागून घ्यावी. यंदाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी निदान एवढे तरी विचारून यावे की, आपल्या वयाला व आपल्या प्रकृतीला कोणती लस आवश्यक आहे. विचारण्यासाठी कोणतीही सुई टोचून घ्यावी लागत नाही.